लायनरची इलेक्ट्रिक टेस्ट 'शून्य लीक' आली, पण मला माहीत असलेल्या जागेवरही मशीन गप्प?

काळी_माती_सोलापूर
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी. मी सिव्हिलवाला, सोलापूरपासून पाऊण तासावर एका लँडफिल सेलच्या (कचरा पुरायच्या खड्ड्याच्या) कामावर क्वालिटी बघतो (मालक कोण ठेकेदार कोण ते विचारू नका, नोकरी टिकवायचीय). सेल २.२ हेक्टरचा, खाली ९० सेंमी दाबलेली चिकणमाती, तिच्यावर १.५ मिमी एचडीपीई (प्लास्टिकची) शीट, हाच लायनर, म्हणजे २०१६ च्या घनकचरा नियमात जे लिहिलंय तेच, वेगळं काही नाही. शीट एप्रिलमध्ये अंथरून झाली. जोडांच्या एअर टेस्ट, व्हॅक्यूम बॉक्स (हवा खेचून बुडबुडे बघायचा डबा) सगळं झालं, रजिस्टर भरलंय. मग स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ होती की इलेक्ट्रिकल लीक लोकेशन करायचं, म्हणून बाहेरून एक टीम आली, दोन पोरं आणि एक मशीन. पुढे पाण्याची फवारणी करणारा दांडा, मागे टँकरचा पाइप, कानाला हेडफोन. दीड दिवसात अख्खा सेल फिरले आणि रिपोर्ट दिला, शून्य लीक. साहेब खूश, ठेकेदार त्याहून खूश, सोमवारपासून शीटवर निचऱ्याची खडी टाकायला सुरुवात करा म्हणतायत.

आता माझी अडचण. टेस्टच्या चार दिवस आधी सम्पच्या (घाण पाणी जमा व्हायच्या खड्ड्याच्या) जवळ, उतार जिथं तळाला मिळतो तिथं, एका पोराच्या हातून पहार निसटून माझ्या डोळ्यांदेखत शीटवर पडली. मी मार्करने गोल केला, पॅच मारा म्हणून सांगितलं. पॅच काही मारला नाही. टेस्टवाली पोरं त्याच गोलावरून गेली आणि मशीन गप्प. मी विचारलं तर म्हणाले वरवरचा ओरखडा असेल, आरपार गेलं असतं तर आवाज आला असता. असेल पण. पण मला झोप नाही. दुसरं म्हणजे खडी टाकून झाल्यावर परत एक टेस्ट असते असं वाचलंय, ती मागितली तर साहेब म्हणाले एकदा पास झालेलं परत कशाला तपासता. मी उगाच फाटे फोडतोय का?

जुना_क्यूसी
फाटे नाही फोडत. पहिलं काम हे करा की उद्या सकाळी त्या गोलावर साबणाचं पाणी ओता आणि व्हॅक्यूम बॉक्स लावा. बॉक्स तर तुमच्याकडे आहेच. बुडबुडे आले तर भोक आरपार आहे, विषय संपला, आणि मग प्रश्न त्या एका भोकाचा राहत नाही, अख्ख्या रिपोर्टचा होतो.

ही टेस्ट मुळात काय आहे ते डोक्यात नीट असेल तर त्या पोरांना काय विचारायचं ते तुम्हालाच सुचेल. एचडीपीई वीज जाऊ देत नाही. वर पाणी, खाली ओली माती, दोन्ही वीज वाहून नेणारे, मधे शीट. एक वायर वरच्या पाण्यात, दुसरी खालच्या मातीत, डीसी सोडायचा. शीट अखंड असेल तर करंट जायला वाटच नाही. भोक असेल तर पाणी त्यातून खाली उतरतं, मातीला टेकतं, करंट वाहतो, हेडफोनमधला आवाज चढतो. एवढंच. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र निघालं, तेव्हापासून गाभा तोच आहे. तुमच्याकडे झाली ती वॉटर पडल (पाण्याच्या डबक्याची) पद्धत, एएसटीएम या अमेरिकन स्टँडर्डचा नंबर डी ७००२.

आता गंमत बघा. आवाज न येण्याची कारणं दोन. एक, भोक नाही. दोन, सर्किटच पूर्ण होत नाही. हेडफोनला दोन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून त्याच स्टँडर्डमध्ये सांगितलंय की काम सुरू करायच्या आधी शीटमध्ये मुद्दाम १ मिमीचं भोक पाडायचं, (किंवा तसा नकली लीक जोडायचा), दांडा त्याच्यावरून नेहमीच्या स्पीडने न्यायचा आणि आवाज येतो का ते बघायचं. आला तरच पुढं जायचं. नंतर ते भोक बुजवायचं अर्थातच. तुमच्यासमोर त्यांनी हे केलं का? रिपोर्टमध्ये त्याची नोंद आहे का? नसेल तर तो रिपोर्ट म्हणजे थर्मामीटर चालतो का ते न बघता 'ताप नाही' म्हणण्यातला प्रकार.

आणि २.२ हेक्टर दीड दिवसात एका मशीनवर? माझ्या अनुभवात एका दांड्यावर दिवसाला अर्धा-पाऊण हेक्टर झालं तरी पोरं चांगली आहेत असं मी म्हणतो. हे लोक पळत होते काय.

वेज_वाला
भाऊ मी शीट जोडणाऱ्यांपैकी हाय, वेज मशीन (तापलेल्या पाचरीनं जोड मारायचं) आणि एक्सट्रूजन गन (वितळलेलं प्लास्टिक सोडायची) दोन्ही चालवतो, बारा वर्षं झाली. लीक म्हटलं की सगळे आमच्याच नावानं बोंबलतात म्हणून लिहितो. एअर टेस्ट जोडाची असते. दोन ट्रॅकच्या मधल्या नळीत हवा भरायची, पाच मिनिटं प्रेशर टिकलं की जोड पास. पण ७ मीटर रुंद रोलमधला जोड किती, काठाचा पट्टा. बाकीची शीट कोण तपासतंय? कोणीच नाय. तिथं कटर पडतो, सर्व्हेवाला खुंटी ठोकतो, कोणी विडी विझवतो, आणि मग लीक आला की वेल्डर धरा.

हां, आमच्याकडून होतं ते पण सांगतो. टी जॉइंट (तीन शीट मिळतात तो), पॅचचे कोपरे, पाइपचा बूट (पाइपभोवतीची शीटची बाही) आणि सम्पमधलं काम. जिथं वेज मशीन जात नाय तिथं हातानं बीड, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची रेघ, मारावी लागते, त्याच्या आधी ग्राइंडरनं घासावं लागतं, कधी जास्त घासलं जातं. लीक सापडले की पहिल्यांदा तिथंच बघायचं. तुमची पहार पण सम्पपाशीच पडली म्हणता.

पण खरं नुकसान आम्ही घरी गेल्यावर होतंय बगा. खडीवाला येतो, जेसीबी येतो, ड्रायव्हरला वाटतंय खाली रस्ताच हाय. आपल्याकडची काळी खडी क्रशरची, धारदार. बकेटचा एक दात लागला की हातभर फाटतं आणि त्याच्यावर लगेच खडी पडते, कोण बघणार? त्यामुळं खडीनंतरची टेस्ट मागताय ते बरोबर हाय. आमचं पण नाव क्लिअर होतंय त्यात.

काळी_माती_सोलापूर
@जुना_क्यूसी सर, आज सकाळी बॉक्स लावला. बुडबुडे आले. एकदम बारीक पण सलग. आरपार आहे.

नकली भोकाचं विचारलं तर टेस्टवाले म्हणाले ऑफिसमध्ये मशीन कॅलिब्रेट करूनच आणतो. रिपोर्टमध्ये नोंद नाही.

पण मग आवाज का नाही आला? खाली जिओटेक्स्टाइल (जाड कापडासारखा थर) वगैरे काही नाही, शीट थेट मातीवर आहे. माती तर वीज वाहून नेते ना?

जुना_क्यूसी
ऑफिसमध्ये केलेल्या कॅलिब्रेशनचा इथं काय उपयोग, तपासायचं असतं ते तुमच्या साइटचं सर्किट, मशीन नव्हे.

माती वीज वाहून नेते ती ओली असेल तर. मे महिना आहे, सोलापूर आहे, ४२-४३ डिग्री. चिकणमातीचा थर लेव्हल करून किती दिवसांनी शीट पडली? काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगणार, दोन आठवडे उघडी राहिली तर भेगांत बोट जातं. वरचे चार-पाच सेंमी सुकून कोरडे ठणठणीत झाले असतील तर भोकातून उतरलेलं पाणी तिथंच जिरतं.

माझा जास्त संशय मात्र दोन गोष्टींवर आहे. पहिली, त्यांनी दुसरी वायर कुठं ठोकली होती? बऱ्याचदा पोरं सेलच्या बाहेर बर्मवर (कडेच्या बांधावर) कुठंतरी रॉड ठोकतात. आपल्याकडे बर्म मुरमाचा, खाली बेसाल्ट. कोरड्या मुरमात ठोकलेला रॉड म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. या पद्धतीत व्होल्टेज कमी असतं, १२ ते ३६ च्या आसपास, रॉडपाशीच अडकलं तर भोकापर्यंत काय पोचणार?

दुसरी, जागा. उतार जिथं तळाला मिळतो तिथं शीट जमिनीला टेकलेली असते का हे हाताने दाबून बघा. काळी शीट दुपारी ७० डिग्रीच्या वर तापते, पहाटे २५-३० वर येते. १०० मीटरच्या लांबीत ४० डिग्रीच्या फरकाने अर्धा मीटर तरी फरक पडतो. दुपारी ती लांबी सुरकुत्यांच्या रूपाने दिसते, आणि पहाटे शीट आखडली की उताराच्या पायथ्याशी ताणून उचलली जाते, खाली पोकळी. तिथं भोक असलं तरी पाणी हवेतून थेंब थेंब पडतं, सलग धार नाही, सर्किट नाही. सुरकुतीच्या माथ्यावरचं भोक पण असंच निसटतं. त्यामुळं टेस्ट कधी केली, सकाळी का दुपारी, तेही लिहा.

हुटगी_रोड
मधे तोंड घालतो. पाण्याशिवायची पण टेस्ट असते ना, स्पार्कवाली? शहरात नळाच्या पाण्याची बोंब आणि इथं प्लास्टिक धुवायला टँकर 🙂 आमच्या इथल्या एका कामावर बघितली होती, ब्रशसारखं काहीतरी फिरवायचे आणि भोक आलं की निळी ठिणगी.

जुना_क्यूसी
असते. आर्क टेस्ट, एएसटीएम डी ७९५३. व्होल्टेज हजारांत, काही हजारांपासून तीसेक हजारांपर्यंत, करंट अगदी किरकोळ. पाणी लागत नाही, उलट शीट कोरडी आणि स्वच्छ हवी, आणि १ मिमीपेक्षा बारीक भोकं पण दाखवते. आपल्या हवेला खरं तर हीच सोयीची. पण खाली वीज वाहून नेणारं काहीतरी शीटला चिकटून हवं ही अट तिलाही आहेच, पोकळी मोठी असेल तर ठिणगी उडी मारत नाही. तुम्ही ब्रश म्हणताय ते बहुतेक वेगळं होतं, खालच्या बाजूला कंडक्टिव्ह थर असलेली शीट येते, तिच्यावर तसा पितळी ब्रश फिरवतात. त्या शीटला पोकळीचा त्रास नाही कारण थर तिच्याच अंगाला आहे. महाग असते, आणि उलटी अंथरली तर सगळंच मुसळ केरात.

@काळी_माती एक महत्त्वाचं, तुमच्या सेलला लागून जुना कचरा आहे का? असेल तर ठिणगीची टेस्ट सुचवण्याआधी दहा वेळा विचार करा, कचऱ्यातून मिथेन येतो.

काळी_माती_सोलापूर
आहे, पूर्वेच्या बाजूला जुना ढीग आहे, मध्येच धुमसत पण असतो. ठिणगी कॅन्सल.

रॉड बर्मवरच होता, मुरमात. मी फोटो शोधून काढला. आणि टेस्ट पहाटे सहा ते अकरा, उन्हाच्या आत उरकू म्हणून. म्हणजे तुम्ही सांगितलेलं सगळंच झालंय.

आता खडीनंतरच्या टेस्टबद्दल कोणी नीट सांगेल का? उद्या साहेबांसमोर बसायचंय, तोंडपाठ करून जातो.

वीजतंत्री
मी इलेक्ट्रिकलचा आहे, दोन साइटवर हे काम केलंय. खडीनंतरची ती डायपोल पद्धत, एएसटीएम डी ७००७. यात एक इलेक्ट्रोड वरच्या खडीत किंवा मातीच्या थरात पुरायचा, दुसरा सेलच्या बाहेर खालच्या मातीला जोडलेला, आणि शेकडो व्होल्ट डीसी लावायचा. मग दोन प्रोबची जोडी ठराविक अंतर ठेवून थरावर टेकवत टेकवत ओळीने जायचं, पावलोपावली दोघांतला व्होल्टेजचा फरक लिहायचा. भोक नसेल तिथं रीडिंग सपाट. भोकाजवळ आलात की चढत जातं, ओलांडलं की चिन्ह उलटं, प्लसचं मायनस. कागदावर काढलं तर एक डोंगर आणि त्याला लागून एक दरी. त्या दोहोंच्या मध्ये खणायचं. ६० सेंमी मातीखालचं ६ मिमीचं भोक सापडलं पाहिजे असं साधारण धरतात, नकली लीक तेवढाच, ६.४ मिमीचा पुरून आधी खात्री करायची. म्हणजे ही बारीक भोकं शोधायची टेस्ट नाही, जेसीबीच्या दाताची आहे. दोन्ही टेस्ट लागतात त्या यासाठी.

खडी कोरडी असेल तर काही दिसणार नाही. दगड-दगड टेकलेले, मधे हवा. आदल्या दिवसापासून टँकरने भिजवावी लागते, ते बजेटमध्ये धरा नाहीतर परत बोंब.

आणि सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहितीये? कडा तोडण्यात. वरची खडी किंवा माती कुठंही बाहेरच्या जमिनीला टेकली की करंट तिकडूनच पळतो, तोच सर्वांत मोठा 'लीक' आणि त्याच्या आवाजात खरे लीक बुडतात. अँकर ट्रेंचपाशी (ज्या चरात शीटची कड पुरतात तिथं) शीटचा हातभर पट्टा उघडा ठेवायचा, स्वच्छ कोरडा. डंपर उतरायचा रॅम्प तर हमखास नडतो, तिथली माती टेस्टपुरती कापून शीट उघडी करावी लागते. सम्पमधून बाहेर जाणारा लोखंडी पाइप, पंपाची केबल, सगळं सुटं. हे खडी पडायच्या आधी ठरलं तर फुकटात होतं, नंतर ठरलं तर परत जेसीबी लावायचा आणि त्याच्याच दाताने अजून एक भोक. 😀

सेफ्टी, शेकडो व्होल्ट डीसी आहे, दोरी बांधा, माणूस उभा करा, जनावरं आत येऊ देऊ नका. वळवाचं आभाळ दिसलं की बंद.

वेज_वाला
रॅम्पचं शंभर टक्के खरं. मागच्या साइटला दोन दिवस नुसतं रीडिंग येत नव्हतं, शेवटी सापडलं काय तर बर्मवरून वाहून आलेला मातीचा एक ओघळ, हाताएवढा रुंद. झाडू मारला आणि मशीन बोलायला लागलं.

शेततळे_सांगोला
राव तुमचं मोठं काम चाललंय, माझा लहान प्रश्न हाय. माझं डाळिंबाचं शेततळं, ५०० मायक्रॉनचा कागद, चार वर्षं झाली, यंदा पाणी लवकर उतरायलंय. हे असलं मशीन आमच्यासाठी मिळतं का? का मी मोटारीचा फेज पाण्यात सोडून टेस्टर लावून बघू

वीजतंत्री
फेज अजिबात सोडू नका!! हात जोडतो. एसीचं पाणी आणि ओला काठ, माणूस जागेवर जाईल. बैल पाणी प्यायला आला तर तोही.

मशीन भाड्याने आणणं परवडणार नाही. स्वस्तातलं सांगतो. एक टोपलं पाण्याने भरून तळ्याच्या काठाशी पाण्यातच ठेवा, त्यावर आतून खूण करा, तळ्याच्या कागदावरही खूण. मोटार चार दिवस बंद. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उन्हानेच जातं, ते टोपल्यातूनही जाईल. तळं टोपल्यापेक्षा जास्त उतरलं तर तेवढीच गळती. मग उतरू द्या, आणि कोणत्या लेव्हलला येऊन टोपल्याच्या बरोबरीने चालायला लागतं ते बघा. भोक त्या रेषेवर आहे. चारी बाजूंनी त्या उंचीला हात फिरवत जायचं, बहुतेक घडीवर किंवा उंदराने कुरतडलेलं सापडेल.

शेततळे_सांगोला
हे बेस्ट. टोपलं ठेवतो आजच.

काळी_माती_सोलापूर
अपडेट. उशीर झाला, मधे साइटवरच होतो.

साहेबांना तोंडी काही सांगितलंच नाही. त्यांना घेऊन गोलापाशी गेलो, व्हॅक्यूम बॉक्स लावला, बुडबुडे दाखवले. मग रिपोर्टचं ते पान दाखवलं ज्यात त्या भागात 'लीक नाही' लिहिलंय. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. टेस्टवाल्यांना परत बोलावलं. या वेळी पहिला अर्धा दिवस नुसता तयारीत गेला, रॉड मुरमातून काढून काठाशी चिकणमातीच्या थरापर्यंत खड्डा करून पुरला, भोवती मिठाचं पाणी ओतलं, अँकर ट्रेंचच्या कडेची माती झाडून घेतली. मी स्वतः १ मिमीच्या ड्रिलने भोक पाडलं. पहिल्या फेरीत आवाज नाही. वाटलं गेलं सगळं वाया. मग लक्षात आलं वायरचा क्लिप गंजलेला, घासला, आणि हेडफोन असा किंचाळला की त्या पोराने काढून फेकला.

तळाचा भाग सकाळी नऊ-साडेनऊनंतर केला, शीट सैल होऊन मातीवर बसल्यावर पण सुरकुत्या फार उठायच्या आत. पायथ्याला जिथं पोकळी होती तिथं वाळूच्या गोण्या ठेवून दाबून घेतलं. वेळ लागला साडेतीन दिवस. सापडले सात. माझी पहार एक, सम्पमध्ये बिडीखाली दोन (सिगारेटची नाही, वेल्डिंगची बीड 😄), तीन पॅचच्या कोपऱ्यांना, आणि एक असंच मोकळ्या शीटवर कटरची रेघ, जिथं जोड नाही की काही नाही. वेज_वाला दादा तुमचं बरोबर निघालं, ती रेघ जोडाच्या कोणत्याच टेस्टमध्ये आली नसती.

एक सर्व्हेवाला पोरगा म्हणाला सात म्हणजे फारच झाले. मला पण तसंच वाटत होतं.

जुना_क्यूसी
२.२ हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. १९८९ साली जिरू आणि बोनापार्ट यांनी लिहून ठेवलंय की चांगल्या देखरेखीखाली केलेल्या कामातही डिझाइन करताना एकरी एक चौरस सेंटीमीटरचं एक भोक धरा. तुमची सात एवढी वाईट नाहीत, आणि एवढी मोठी तर नाहीतच. शून्य आले असते तर मी परत रॉड कुठं होता विचारलं असतं.

खडीनंतरचं काय ठरलं?

काळी_माती_सोलापूर
अर्धं ठरलंय. डायपोल मंजूर, पण पैसे कोणी द्यायचे यावर ठेकेदार आणि ऑफिसची पत्रापत्री चालू आहे. कडेचा पट्टा उघडा ठेवायचा हे मात्र खडीवाल्याला लेखी दिलंय आणि रॅम्पखाली जास्तीची एक शीट टाकून घेतलीय, नंतर कापायला सोपं. पाऊस मृगात वेळेवर आला तर खडी आपोआप भिजेल आणि टँकर वाचेल, पण तेव्हा कडा कोरड्या कशा ठेवायच्या हा नवीन धागा काढावा लागेल.

शेततळे_सांगोला
सापडलं!! पश्चिमेच्या कोपऱ्यात, आधीच्या पाण्याच्या रेषेखाली तीन फुटावर, बोटभर. उंदीर नाय, खाली बाभळीचं मूळ वर आलंय. आता चिकटवायचं कशानं ते सांगा, दुकानदार सिलिकॉन देतोय.

वेज_वाला
सिलिकॉन टिकत नाय पॉलिथिनवर, सुटून येतंय दोन महिन्यात. आधी मूळ खणून काढा नायतर परत येईल. मग पाणी त्या लेव्हलच्या खाली गेल्यावर मला फोटो टाका, त्याच कागदाचा तुकडा राहिला असेल तर ठेवून द्या, गरम हवेच्या गननं जोडता येतो. सांगोल्याकडं पुढच्या आठवड्यात येणं हाय माझं.